सब्र कोणी करायचा?

बाळंतपणात मरण आलेल्या स्त्रीला आपण शहीद मानतो. साथीच्या रोगात मरण आलेल्या माणसालाही हदीसमध्ये हाच दर्जा दिलेला आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या दोन्ही गोष्टी हजारो घरांत एकाच वेळी आल्या. पोटात मूल होते आणि दाराबाहेर साथ होती. ज्या गेल्या त्यांच्यासाठी आपण मगफिरतची दुआ मागितली, आणि ते योग्यच झाले. पण ज्या वाचल्या त्यांचे काय? मूल सुखरूप, टाके भरलेले, अंगात ताप नाही, आणि तरीही जी रात्र रात्र जागी राहते, जिला मूल जवळ घ्यावेसे वाटत नाही, जिचा हात भाकरी करता करता थांबतो आणि मग कितीतरी वेळ तसाच राहतो, त्या स्त्रीला आपण काय म्हटले?

बहुतेक घरांतून एकच उत्तर ऐकू आले. "सब्र कर." थोड्या दिवसांनी त्याला जोड मिळाली, "नाशुक्री करू नकोस, अल्लाहने गोद भरली आहे." आणि तरीही रडे थांबले नाही तर शेवटचा शेरा, "तुझं ईमानच कमजोर झालंय." म्हणजे मेली असती तर शहीद, आणि जगली म्हणून कमजोर ईमानाची! या विसंगतीचा विचार आपल्या समाजात व्हायला हवा होता. साथ ओसरली, जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आपण मास्क खुंटीला टांगले आणि तो प्रश्नही खुंटीला टांगला.

आधी दुखणे काय आहे ते पाहू. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे, मन भरून येणे हे पुष्कळ बायकांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप निवळते. ते निवळले नाही, उदासी पक्की बसली, झोप आणि भूक उडाली, "मी वाईट आई आहे" हा विचार मनातून हलेना, तर त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. ही नवी किंवा परदेशी गोष्ट नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ साली जो निष्कर्ष निघाला त्यानुसार बाळंतिणींपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांना हे नैराश्य येते. दर पाच जणींत एक. हे आकडे साथीच्या आधीचे आहेत. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी काही सांगतो. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणी गरोदरपणापासूनच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणे शोधली तेव्हा सापडले ते असे : गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, उपासमार, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे. या यादीत ईमानाची कमतरता कुठेच नाही. उलट त्यातल्या काही गोष्टी दुसऱ्यांच्या ईमानाविषयी बोलतात. मुलगी झाल्याची खबर ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो त्या बापाची निंदा सूरह नहलमध्ये आहे. आईची नाही.

या जुन्या दुखण्यावर साथीने काय केले? २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग थांबले, रोजंदारी थांबली. गरोदर बाईच्या ताटातले आधी कमी होते ते आणखी कमी झाले. तपासणीचे दवाखाने बंद, सोनोग्राफी पुढे ढकललेली, रिक्षा मिळेना. आजूबाजूच्या मोहल्ल्यांतून रोज बातम्या येत होत्या की अमुक बाईला दोन-तीन दवाखान्यांनी घेतले नाही. अशा वेळी ज्या बाईला आठवा महिना लागला असेल तिच्या मनात काय चालले असेल? रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष कुवेत, दुबई, कतारमध्ये अडकले होते. मार्चच्या शेवटी विमाने बंद झाली आणि मे महिन्यात सरकारी उड्डाणे सुरू झाली तरी सगळ्यांना जागा मिळाली नाही. बापाने बाळाचे तोंड प्रथम मोबाईलच्या पडद्यावर पाहिले. ज्यांचे नवरे घरी होते त्यांच्यापैकी सगळ्याच सुखी होत्या असेही नाही. टाळेबंदीत घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने त्याच एप्रिलमध्ये सांगितले होते.

आपल्या बायकांच्या वाट्याला यात आणखी एक भीती आली. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या बातम्यांनंतर रोगाला जणू धर्म मिळाला. भाजीवाल्याचे नाव विचारले जाऊ लागले. राजस्थान आणि झारखंडमधून गर्भवती मुस्लिम स्त्रियांना धर्मामुळे दवाखान्यात वाईट वागणूक मिळाल्याचे आरोप वर्तमानपत्रांत आले. त्यांवर खुलासेही झाले. खरे-खोटे काय ते चौकशीवाल्यांना ठाऊक. पण बुरखा घालून दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे की नाही, नाव विचारले तर सांगायचे कसे, हा विचार कळा सुरू झालेल्या बाईला करावा लागला, एवढे मात्र नक्की. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. तो न्याय मोलाचा होता. पण एप्रिलमध्ये बाळंत झालेल्या बाईच्या भीतीपर्यंत तो उशिराच पोहोचला.

ही भीती मनाचे खेळ नव्हती. मुंबईत गर्भवती कोविड रुग्णांची जी नोंदवही ठेवली गेली तिच्यातून आयसीएमआरने जून २०२१ मध्ये जे सांगितले ते असे : पहिल्या लाटेत अशा रुग्ण स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ते ५.७ टक्के झाले. आणि गर्भवतींना लस घेण्याची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरत आल्यावर. तोवर त्यांनी फक्त वाट पाहायची होती.

आता चिल्ल्याकडे येऊ. बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस म्हणजे आपल्याकडे केवळ कपडे आणि पाणी यांचा हिशोब नसतो. माहेरची खोली, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंक-सुंठीचे लाडू, अंगाला तेल लावणारी बाई, रात्री बाळ रडले की उठणारी नानी, दुपारी येऊन बसणाऱ्या खाला आणि फुफी. हनफी फिकहप्रमाणे निफासची कमाल मर्यादा चाळीस दिवस, तर कोकणातले आपले शाफई भाऊबंद ती साठ दिवस धरतात. या काळात नमाज माफ आहे आणि तिची कजाही नाही. रोजे राहिले तर मागाहून ठेवता येतात. गर्भवती आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही स्वतःची किंवा बाळाची काळजी वाटली तर रोजा सोडण्याची सवलत आहे. म्हणजे शरीयतने तिच्या शरीरावर पडणारे ओझे मोजले आणि इबादतीतूनही तिला वाटा सोडून दिला. मग ज्या मनाने ते शरीर चालते त्याचे ओझे आपण का मोजत नाही?

साथीने चिल्ल्याचा सांगाडा ठेवला आणि आतले माणूस काढून घेतले. बाई खोलीत बसली, पण दार वाजवणारे कोणी नव्हते. अनेकींना माहेरी जाता आले नाही. मालिश करणारी बाई येईना. अकीका लांबला. बापाला आणि नातेवाइकांना दवाखान्यात सोडत नव्हते, तेव्हा बाळाच्या कानात अजान कोणी द्यायची हाच प्रश्न होता. नमाज निफासमुळे नाही, सोबत टाळेबंदीमुळे नाही. दुआ आणि जिक्र यांची वाट उघडी होती, पण ती वाट दाखवणारे माणूस जवळ नव्हते. ज्या वर्षी २५ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि मशिदी बंद असल्यामुळे पुरुषांनी तरावीह घरी पढली, त्या वर्षी आपण सगळ्यांनी म्हटले, "जमातीशिवाय मन लागत नाही." ते खरेच होते. बाळंतिणीची जमात म्हणजे तिच्या भोवतीच्या बायका. तिची जमात मोडली तेव्हा तिचेही मन लागले नाही, एवढेच झाले होते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. आमच्या दादी-नानींना आठ-आठ, दहा-दहा मुले झाली, त्यांना असले आजार झाले नाहीत, हे सारे नवीन फॅड आहे. दादी-नानींना हे झाले नाही हे आपल्याला कसे कळले? त्यांना कोणी विचारले होते का? अमुकची बायको बाळंतपणानंतर "बदलली", तमुकच्या आईला "हवा लागली", एकीला माहेरी पाठवून दिले ती परत आलीच नाही, अशा गोष्टी प्रत्येक गावात आहेत. दुखणे होते, फक्त नाव नव्हते. आणि नावही नव्हते असे कसे म्हणावे? नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू जैद अल-बल्खी (इ.स. ८५०-९३४) यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार केले. एक, ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते. दुसरे, ज्याचे कारण त्याला सापडत नाही, आणि ज्याचे मूळ शरीरात असू शकते. "मूल गोंडस आहे, नवरा चांगला आहे, मग रडायला झालं काय?" असे आपण आज विचारतो. कारण न सापडणारे दुःखही खरे दुःख असते, हे आपल्याच एका आलिमाने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. कैरो आणि अलेप्पोच्या जुन्या शिफाखान्यांत मनाच्या रुग्णांसाठी जागा राखलेली होती. आपण तो वारसा सांगतो तेव्हा छाती फुगवतो, आणि घरातली सून रडली की तो विसरतो.

आता मूळ प्रश्न. सब्र म्हणजे काय? आपल्या बोलण्यात सब्र म्हणजे गप्प राहणे असा अर्थ रूढ झाला आहे. कुरआनमध्ये हजरत याकूब (अ.) यांनी मुलगा हरवल्यावर सुंदर सब्राची भाषा केली, आणि त्याच याकूबांचे डोळे त्या मुलासाठी रडून रडून पांढरे पडले. वर्षानुवर्षे ते रडले. मुलांनी त्यांना टोकले, तेव्हा आपले गाऱ्हाणे आपण अल्लाहपाशी मांडतो असे त्यांनी सांगितले. त्यांच्या रडण्याने त्यांची पैगंबरी कमी झाली नाही. सब्र आणि अश्रू एकाच माणसात, एकाच वेळी राहू शकतात. मग बाळंतिणीच्या डोळ्यांतले पाणी पाहून आपण तिच्या ईमानाचे माप कसे काढतो?

याहून थेट उदाहरण हजरत मरियम (अ.) यांचे आहे. सूरह मरियममधला तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. लोकांपासून दूर, एकटी, खजुराच्या बुंध्यापाशी, कळा सोसत असलेली स्त्री. तिच्या तोंडून जे निघाले ते असे की, याआधीच मेले असते आणि विस्मरणात गेले असते तर बरे झाले असते. जगणे नकोसे झाल्याचीच ही भाषा आहे. आज एखादी बाई हे बोलली तर आपण कानांवर हात ठेवू आणि तौबा करायला सांगू. आणि बोलणारी कोण? जिला जगातल्या स्त्रियांमध्ये निवडलेली म्हटले गेले ती मरियम. कुरआनने हे वाक्य लपवले नाही, आणि त्याबद्दल तिला एका शब्दानेही रागावले नाही. जो आवाज आला त्याने आधी दुःख करू नकोस असे म्हटले, आणि नुसते म्हणून तो थांबला नाही. पायाखाली पाण्याचा झरा आहे, वरून ताजा खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव. आणि शेवटी, कोणी माणूस दिसला तर सांग की आज माझा मौनाचा रोजा आहे, मी कोणाशी बोलणार नाही.

या क्रमाकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. पाणी, अन्न, विसावा, आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. तिच्याकडून काय मागितले? बुंधा हलवणे, एवढेच. कळा सोसणाऱ्या बाईच्या हाताने खजुराचे झाड कितीसे हलणार? मागणी नावाची होती, देणे मात्र पुरेपूर होते. आपण नेमके उलटे करतो. सब्र पुरेपूर मागतो आणि पाण्याचा पेला नावाला देतो. वाजमध्ये हा प्रसंग "पाहा, मरियमने एकटीने सोसले" असे सांगण्यासाठी वापरला जातो तेव्हा अर्धी गोष्ट सांगितली जाते. ती एकटी होती, पण तिला वाऱ्यावर सोडलेले नव्हते.

दुसरी आई हजरत मूसा (अ.) यांची. फिरऔनच्या हुकुमामुळे मुलाला स्वतःच्या हाताने नदीत सोडावे लागलेली. कुरआन सांगतो की तिचे अंतःकरण रिकामे झाले, आणि अल्लाहने ते सावरले नसते तर तिने सारे उघड करून टाकले असते. नंतर मूल तिच्याकडे परत आणले गेले ते कशासाठी, तर तिचे डोळे निवावेत आणि तिने दुःखी राहू नये म्हणून. आईचे दुःख दूर होणे हे तिथे एक कारण म्हणून नोंदवलेले आहे. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत कितीतरी दवाखान्यांत बाधित आईपासून बाळ जन्मतःच वेगळे केले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बाळाला आईजवळ ठेवावे, काळजी घेऊन दूधही पाजू द्यावे असा होता. तरी भीतीपोटी ताटातूट झाली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एप्रिलमध्ये वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला होता आणि जुलैमध्ये तो बदलला. दुसरीकडे मुंबईच्या नायर रुग्णालयाने शेकडो बाधित स्त्रियांची बाळंतपणे पार पाडली, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी कोणालाच सारे ठाऊक नव्हते, म्हणून दवाखान्यांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. पण घरी परतल्यावर "आता बाळ मिळालं ना, झालं तर मग" असे ज्यांनी म्हटले, त्यांना रिकाम्या झालेल्या अंतःकरणाची ही आयत आठवायला हवी होती. मूल हातात आले म्हणजे मन लगेच भरते असे नाही.

कर्तव्य कोणाचे हेही कुरआनने मोघम ठेवलेले नाही. सूरह बकरहमध्ये दूध पाजण्याचे नियम आहेत. आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर आहे. मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये, आणि बापालाही नाही. दूध तोडायचे तर दोघांनी विचारविनिमय करून ठरवावे. दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घेण्याचीही मुभा आहे. आणि त्याच आयतीत एक लहानसा भाग आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही : बाप नसेल तर हेच कर्तव्य वारसावर येते. मला यात मोठे तत्त्व दिसते. बाप नसला म्हणून जबाबदारी संपत नाही, ती पुढच्या माणसाकडे सरकते. बाप कुवेतमध्ये अडकला तर दीर आहे, सासरा आहे. त्यांचीही रोजी गेली तर शेजार आहे, जमात आहे, बैतुलमाल आहे. फिकहची चर्चा इथे खर्चापुरती आहे हे मला मान्य आहे. पण नैतिक विचार करताना आपण त्याच वाटेने थोडे पुढे जाऊ शकतो. आईचा भार कोणीतरी उचललाच पाहिजे, आणि "माझा नंबर नाही" असे म्हणणारा शेवटचा माणूस कोणीच असू शकत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. साथीत दूर राहणे हेच कर्तव्य होते. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये ही हदीस त्या दिवसांत मशिदींच्या भोंग्यांवरून आणि मोबाईलवरून आपण शंभरदा ऐकली. मग खाला आली नाही, नानी आली नाही, तर त्यांनी पापच केले का? मुळीच नाही. त्यांनी बरोबर केले. पण जे करता येत नव्हते आणि जे आपण केले नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घरात जाता येत नव्हते, उंबऱ्यावर डबा ठेवता येत होता. शेजारी बसता येत नव्हते, रोज ठरावीक वेळी फोन करता येत होता, आणि तोही "बाळ कसं आहे?" एवढे विचारून न ठेवता. घरातला पुरुष, जो चोवीस तास घरीच होता, रात्री एकदा उठून बाळाला खांद्यावर घेऊ शकत होता. पैगंबर साहेब (स.) घरात असत तेव्हा घरच्या कामाला हात लावत, हे हजरत आयशांनी सांगितले आहे. त्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नव्हती. हदीसने शरीरांमध्ये अंतर ठेवायला सांगितले होते. ते अंतर आपण कानांमध्येही ठेवले.

त्याच साथीच्या संदर्भात हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट आपण सांगत होतो. शामकडे निघालेले असताना तिकडे ताऊन पसरल्याचे कळले आणि ते परत फिरले. हजरत अबू उबैदांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? तेव्हा उमरांनी उत्तर दिले की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. वर दाखला दिला तो उंटांचा. दरीची एक बाजू हिरवी असेल आणि दुसरी उजाड असेल, तर उंट हिरव्या बाजूला चारणे हीही तकदीरच. ही गोष्ट सांगून आपण मास्क लावला, लस घेतली, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी धावलो. आणि मनाच्या दुखण्याची वेळ आली तेव्हा म्हणालो, "तकदीर आहे, सोसायला हवी." फुफ्फुसाला एक न्याय आणि मनाला दुसरा, याला आधार कोणता?

"असर आहे", "नजर लागली" असे म्हणून जेव्हा आमिलाकडे नेले जाते तेव्हा घरच्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणतो. दुआ करावी, कुरआन पढून फुंकर घालावी, त्यात हरकत काय? पण दुआ औषधाची वाट अडवत नाही. हजारात एक-दोन बायका अशाही असतात ज्यांना बाळंतपणानंतर काही दिवसांतच भलते भास होतात, झोप पूर्ण जाते, त्या स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याची भीती असते. ती तातडीची स्थिती आहे. तिथे तावीज आणायला गेलेला एक दिवसही महाग पडतो. तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. दूध पाजत असताना घेता येतील अशी औषधेही आहेत. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत, शेजारणीला विचारून बंद करू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर असेही सांगितले आहे की, उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल धोका नसेल तर सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळे करू नये. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. मूसाच्या आईची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कायद्याचे मर्म कोणी समजावायला नको.

आणि प्रत्येक वेळी मोठ्या डॉक्टरचीच गरज असते असेही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत एक प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच आरोग्य सेविकांना शिकवले गेले की नैराश्यातल्या आईकडे जाऊन बसायचे कसे, तिचे ऐकायचे कसे, घरच्यांना सोबत घ्यायचे कसे. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांच्याकडे अशा सेविका गेल्या त्यांच्यात २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या, इतरांमध्ये ५३ टक्के. पुढे हीच पद्धत गोवा आणि रावळपिंडी अशा दोन्ही ठिकाणी साध्या, शेजारपाजारच्या बायकांच्या हाती देऊन पाहिली गेली. गोव्यात २८० आणि रावळपिंडीत ५७० गर्भवती स्त्रिया त्यात होत्या. फायदा माफक होता, पण खरा होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना बाईचे रडणे सारखे आणि त्यावरचा उतारही सारखा, म्हणजे शेजारी येऊन बसणारी दुसरी बाई. हेच तर आपल्या चिल्ल्यात होते! ते आपल्याकडे रूढीने होते. आता समजून-उमजून करायचे आहे.

आपल्याकडे आशा ताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. हे बेचाळीस दिवस आणि आपला चिल्ला जवळजवळ एकच. ती मुख्यतः बाळाचे वजन आणि ताप पाहते. त्याच दिवशी घरातल्या एखाद्या बाईने आईला विचारावे, झोप लागते का, मन कशात लागते का, नको नको ते विचार येतात का? १९८७ साली एडिंबरोमध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची यादी आज जगभर याच कामासाठी वापरली जाते, पण दहा नाहीत तर तीन प्रश्न तरी विचारता येतात. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून एकदा इमाम साहेबांनी या विषयावर बोलावे. निकाहच्या वेळी मेहरविषयी बोलतो तसे, बाप होणाऱ्या तरुणाला त्याची जबाबदारी कोणीतरी सांगावी. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली लिहिला तर मशिदीची शान कमी होणार नाही.

सब्राचा प्रश्न यामुळे संपत नाही, पण तो योग्य दारापाशी येतो. रडणाऱ्या माणसाजवळ बसणे कठीण असते. तेच तेच ऐकावे लागते. कारण कळत नाही, उपाय लगेच सुचत नाही, मध्येच उठून जावेसे वाटते, एखादी नसीहत देऊन मोकळे व्हावेसे वाटते. तिथे न उठता बसून राहणे, नसीहत गिळून टाकणे आणि उद्या पुन्हा येणे, यालाही सब्रच म्हणतात. तो सब्र सासूने करायचा आहे, नवऱ्याने करायचा आहे, जमातीने करायचा आहे. बाळंतिणीने आपल्या वाट्याचा सब्र नऊ महिने आणि कळांच्या त्या रात्री केलेला असतो. आता आपली पाळी आहे.